साठाला एक कमी

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ दस्तगीरनं
डॅशबोर्डचा जबडा उघडला आणि म्हणाला,
“कंपनीचा स्टिरिओ हाय, मॅडम.
ह्याला तोंड मागनं दिलंय.”

माझ्या हातात काडेपेटीएवढा प्लेअर,
त्यात चारशे बारा गाणी,
आणि एक वायर, दोन्ही टोकांना सारखीच पिन.
मला एवढंच हवं होतं
की बेळगाव ते खानापूर, शाळेला जाताना,
ह्या दुसऱ्याच्या गाडीनं जरा माझं ऐकावं.

त्यानं बॅटरी सोडवली.
मागच्या अंधारात चार तारा डकवल्या,
डाखाचा धूर, दोन कट चहा,
गेट पडलं, उघडलं, परत पडलं.
बॅटरी जोडली
तर स्टिरिओ आम्हाला ओळखच दाखवेना.
पडद्यावर चार हिरव्या रेघा.
कोड सांगा.

“आपल्याला चोरलंय असं वाटायलंय त्याला,” दस्तगीर म्हणाला.
“पहिल्या मालकाला विचारा.”

पहिले मालक चन्नाप्पा हंजी, चिकोडी, तंबाखूची वखार.
दोन वर्षांपूर्वी वारले.
गाडी मला विकली ती विजयमालाबाईंनी,
फोनही त्यांनीच उचलला.
“थांब हं,” म्हणाल्या, आणि फोन
कुठल्याशा डब्यावर ठेवून गेल्या.
कुकरची शिट्टी. कपाटाची कडी.
कुणाला तरी “बाजूला हो” म्हटलेलं.
मग बराच वेळ नुसते कागद.

“वजनाच्या चिठ्ठीमागं लिहून ठेवलंय. कानडी आकडे आहेत.
नाल्कु. सोन्ने. ओंबत्तु. एरडु.”
मी म्हटलं, काकू, तुमचं माहेर तर निपाणीचं, मराठी ना?
“मोजते मात्र कानडीत. तीस वर्षं पोती मोजली ह्या घरात.
मराठीत मोजलं की आता चुकतं बघ.”

चार शून्य नऊ दोन.
नाही. परत रेघा.
तीनदा चुकलं की तासभर बोलत नाही म्हणे हा.
दस्तगीरनं बोट मागं घेतलं, शर्टाला पुसलं.

“मग आरु असेल,” त्या म्हणाल्या.
“त्यांचे सहा आणि नऊ सारखेच दिसायचे.
तोंड इकडं की तिकडं, एवढाच फरक.”

चार शून्य सहा दोन.

आत कुणीतरी खाकरलं.
गाणं नव्हे, रेडिओ नव्हे,
दोन वर्षं पोटात राहिलेली कॅसेट
जिथं थांबली होती तिथून चालू झाली:
एक जाड आवाज, मागं वखारीतला पंखा,
“छप्पन. सत्तावन. अठ्ठावन.
एकोण… एकोणसत्तर? छे.
साठाला एक कमी.
साठ. एकसष्ट.”

मग घसा साफ करून पुन्हा एकपासून.
एकोणतीसला पाय घसरतो,
एकोणपन्नासला एक हलकी कानडी शिवी,
आणि तशीच पुढं, पोतं ओढावं तशी,
पन्नाशी पार.
गाडीत एकट्यानं ऐकायचे असणार हे,
चिकोडी ते निपाणी, काचा वर करून.

कॅसेट बाहेर येईना.
“ओढली तर फीत तुटणार,” दस्तगीर म्हणाला,
आणि माझ्या वायरीकडं बघत बसला.
“उलटं पण होतंय की.
तुमच्या प्लेअरनं गाडीत बोलायच्या बदली
गाडीनं प्लेअरात बोलायचं.”

जागा नव्हती. मी गाणी पुसली,
कुठली ते बघितलं नाही.
त्यानं स्पीकरच्या तारा सोलल्या, दातानंच.
बारीक लाल दिवा लागला.

“…सत्तावन. अठ्ठावन.
साठाला एक—”

“एकोणसाठ.”

सीटवरून आला आवाज.
फोन कुणी बंदच केला नव्हता.

डाख निवत आला होता.
दस्तगीर हळूच विचारतो, “मॅडम, मग तुमचं कधी लावू?”
मी म्हटलं, थांब रे.
त्यांचे शंभर होऊ देत.